इसार देण्याआधी बोअरच्या पाण्यात काय शोधायचं?

वाचकाचं पत्र

आम्ही पुणे जिल्ह्यात चकली, चिवडा, भाजणी आणि मसाले करून विकतो. काम आता घरात मावत नाही. एका जुन्या औद्योगिक वसाहतीत साधारण हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि त्यावरची बंद शेड विकायला आहे. तिथे पूर्वी प्लेटिंगचा कारखाना होता, तो बंद होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या बाजूला जुना ट्रान्सफॉर्मर पडून आहे. दोनशे फुटांची बोअर आहे आणि पाणी भरपूर लागतं.

मालकांनी पाण्याचा रिपोर्ट दिला आहे. पीएच ७.४, टीडीएस ४८०, कोलिफॉर्म नाही, शेवटी ‘पिण्यायोग्य’ असा शेरा. मिस्टर म्हणतात, आरओ बसवू आणि विषय संपवू. भाचा केमिस्ट्री शिकतोय, तो म्हणतो तिथे ‘फॉरएव्हर केमिकल्स’ असतील, सगळ्या टेस्ट करून घ्या. एका सल्लागाराने ‘फुल केमिकल टेस्टिंग’चं कोटेशन दिलं, ते बघून घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. हा व्यवहार दिरांच्या ओळखीतून आलेला आहे, त्यामुळे शंका काढली की मीच वाईट ठरते. आमच्याकडे चौदा बायका कामाला आहेत. त्या तेच पाणी पिणार. काय करावं?

— एक उद्योजिका

उत्तर

ताई, इसार अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पुढचा हप्ता थांबवा.

तुमच्या हातातला रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. विहिरीत सांडपाणी मिसळलंय का, पाणी खारट किंवा जड आहे का, हे पाहायला ती तपासणी असते आणि तेवढं ती नीट सांगते. तिथे प्लेटिंगचा कारखाना होता, हे तपासणाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही. मग त्याने क्रोमियम, निकेल, सायनाइड का शोधावं? प्रयोगशाळा आपण विचारलं तेवढंच शोधते. ‘पिण्यायोग्य’ हा शेरा त्या चार-सहा गोष्टींपुरता आहे.

भाच्याची भीती रास्त आहे, फक्त त्याचा उपाय महाग आहे. कडक क्रोम प्लेटिंगमध्ये क्रोमिक आम्लाचे फवारे हवेत उडतात. ते दाबायला टाकीत फेसाचं एक द्रव्य घालण्याची पद्धत जगभर होती आणि त्या द्रव्यात बऱ्याचदा पीएफओएस असायचं. हे ‘फॉरएव्हर केमिकल्स’च्या, म्हणजे पीएफएएसच्या घराण्यातलं. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की ऊन, पाऊस, जिवाणू यांपैकी कशानेच तो सहजी सुटत नाही. २००९ मध्ये पीएफओएस स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकाऊ घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. पण कारखान्याला टाळं लागलं म्हणून जमिनीत मुरलेलं नाहीसं होत नाही.

तुमच्या रिपोर्टला ते का दिसणार नाही, तर मोजमापाचा हिशोब बघा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून. ते ४८० म्हणजे लिटरमागे ४८० मिलिग्रॅम, अर्थात ४८ कोटी नॅनोग्रॅम. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएससाठी घालून दिलेली मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम आहे. ४८ कोटींच्या आकड्यात चाराने काय फरक पडणार?

आता ‘फुल टेस्टिंग’बद्दल. असं काही नसतं. हजारो रसायनं आहेत आणि प्रत्येक गटाची पद्धत, बाटली, यंत्र वेगळं. जो माणूस जागेचा इतिहास न विचारता यादी पुढे करतो, तो तुमच्यासाठी विचार करत नाहीये. आधी कागद, मग पायी फेरी, आणि त्यानंतर या दोन्हींतून जे संशयित निघतील तेवढेच प्रयोगशाळेत.

कागदांपैकी सगळ्यात बोलका म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला दिलेलं संमतीपत्र, ज्याला सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात. त्यात काय आणि किती बनवायची परवानगी होती, सांडपाणी किती, घातक कचरा कोणत्या प्रकारचा, हे लिहिलेलं असतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत क्रमांक १२ म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया, ३५.३ म्हणजे सांडपाणी शुद्ध करताना उरलेला रासायनिक गाळ. हे आकडे दिसले की पुढचा प्रश्न विचारायचा: हा गाळ गेला कुठे? नियमाने तो रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या सामायिक केंद्रात जायला हवा आणि प्रत्येक गाडीचा मॅनिफेस्ट, म्हणजे माल नेल्याचा कागद, असायला हवा. संमतीपत्रात वर्षाला काही टन गाळ आणि मॅनिफेस्ट मात्र एकही नाही, असं निघालं तर तो गाळ बहुधा प्लॉटच्या मागच्या भिंतीशी पुरलेला असतो. मालक कागद देत नसतील तर मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि हस्तांतराला महामंडळाची संमती लागते. त्या फाइलमध्ये आधी कोणकोण होतं याचा क्रम मिळतो. शेवटच्या मालकावर थांबू नका. प्लेटिंगच्या आधी तिथे रंगाचं किंवा कीटकनाशकाचं काम असेल तर संशयितांची यादीच बदलते. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं फुकट बघता येतात. मोकळ्या जागेत कधी हिरवट-पिवळं डबकं दिसतं का, पिंपांची रास होती का, ते भाच्याला बघायला सांगा. त्याचं ज्ञान तिथे कामी येईल. आणि वसाहतीच्या नाक्यावरचा जुना चहावाला किंवा त्या कारखान्यात पूर्वी टाकीवर काम केलेला कोणी भेटला, तर तासभर बसा. टाकी कधी फुटली, पाणी रात्री कुठे सोडायचे, हे कुठल्याच संमतीपत्रात नसतं.

फेरी मारायला दुपारी, शेड पूर्ण उघडून जा. फरशीवर पिवळे-हिरवे डाग, आम्लाने खाल्लेलं काँक्रीट, मातीने बुजवलेले खड्डे, नंतर घातलेला नवा कोबा. कोबा शेडच्या एकाच कोपऱ्यात नवा असेल तर का, ते विचारा. बोअरचं पाणी पांढऱ्या बादलीत भरून बघा. पिवळसर झाक असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, व्यवहार सोडा. पण पाणी नितळ दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. डोळ्याला रंग दिसेपर्यंत क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं.

ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच लावू देऊ नका. बहुतेक ट्रान्सफॉर्मरमध्ये साधं खनिज तेल असतं. पण जुन्या काही यंत्रांत पीसीबी नावाचं तेल होतं, जे आगीला दाद देत नाही म्हणून वाखाणलं जायचं. नावाच्या पट्टीवर ‘अ‍ॅस्करेल’, ‘पायरॅनॉल’, ‘अ‍ॅरोक्लॉर’ असं काही आहे का, वर्ष कोणतं, याचा फोटो घ्या. पट्टीवर खनिज तेल लिहिलं असलं तरी दुरुस्तीच्या दुकानात एकाच पंपाने सगळ्यांचं तेल भरलं जायचं, त्यामुळे भेसळ होते. तेलाचा नमुना तपासून पीसीबी ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०) वर निघालं, तर ते पीसीबीचंच उपकरण धरतात. भारतात २०१६ च्या आदेशाने पीसीबीची निर्मिती आणि आयात बंद झाली आणि वापर संपवायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. भंगारवाला तांब्यासाठी तो कापतो, तेल मातीत ओततो, उरलेलं जाळतो. जळताना त्यातून फ्युरान आणि डायऑक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नियमाप्रमाणे हलवायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ती तुमचा ताबा घेण्याआधीची, हे करारात लिहून घ्या.

इथपर्यंत तुमचा खर्च फार तर पेट्रोलचा आणि अर्जाच्या शुल्काचा झाला असेल. आता प्रयोगशाळा.

पहिल्या फेरीत पाण्यातलं एकूण क्रोमियम, सहा-संयुजी क्रोमियम (त्याचं जास्त घातक रूप), निकेल, कॅडमियम, शिसं, सायनाइड आणि बाष्पशील सेंद्रिय रसायनं, ज्यांना ‘व्हीओसी’ म्हणतात. व्हीओसी यासाठी की प्लेटिंगआधी धातूवरचं तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीन वापरायचे. ते पाण्याहून जड असतं, भेगांतून खाली बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. त्याची वाफ जमिनीतून फरशीच्या फटींवाटे बंद खोलीत येते. तुमच्या धंद्याला हे जास्त लागू आहे, कारण तुपा-तेलाचा माल अशी वाफ शोषतो. परदेशात ड्रायक्लीनिंगच्या दुकानांशेजारी ठेवलेल्या लोण्यात त्या दुकानांतलं द्रावक (सॉल्व्हंट) सापडलेलं आहे. तिथे पाणी कुठून येतं, याचा काही संबंध नव्हता.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, लिटरमागे एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम, निकेल ०.०२, कॅडमियम ०.००३, सायनाइड ०.०५ आणि पीसीबी ०.०००५ अशा मर्यादा आहेत. त्यात पीएफओएसला जागाच नाही. म्हणून ‘आयएसप्रमाणे पास’ असा रिपोर्ट आला तरी त्याबद्दल तो गप्पच राहणार. तुलनेसाठी अमेरिकेचे ४ नॅनोग्रॅम आहेत आणि युरोपचा आकडा निवडक २० पीएफएएसच्या बेरजेला लिटरमागे १०० नॅनोग्रॅम असा आहे. दोन्हींत एवढं अंतर का, हा वेगळा वाद. तुमच्याकडे अन्न तयार होणार, तेव्हा कडक आकडा धरा.

पीएफएएसची तपासणी दुसऱ्या फेरीत, आणि तीही क्रोमचं काम झालं होतं असं कागदांतून दिसलं किंवा पाण्यात क्रोमियम निघालं तरच. फक्त जस्ताचं प्लेटिंग होतं, क्रोम कधीच नव्हतं, असं ठामपणे कळलं तर हा खर्च मागे ठेवता येईल. एक अपवाद आहे. शेडमध्ये किंवा शेजारी ज्वालाग्राही द्रवांचा मोठा साठा असेल आणि आग विझवायच्या फेसाचा सराव होत असेल, तर तो फेसही पीएफएएसचा मोठा उगम असतो.

नमुना कसा घेतला यावर निम्मा निकाल ठरतो, आणि नेमकी इथेच काटकसर होते. ‘तुम्हीच बाटली भरून आणून द्या’ असं म्हणणाऱ्या प्रयोगशाळेला या कामासाठी नमस्कार करा. पाण्याच्या बाटलीत किंवा जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर नकोच. पीएफएएससाठी प्रयोगशाळेच्या स्वच्छ एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्या लागतात. नमुना घेणाऱ्याच्या अंगावर जलरोधक जॅकेट नको, हाताला क्रीम नको, नळाच्या आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप असेल तर तिथून पाणी घ्यायचं नाही, कारण या सगळ्यांतूनच ती रसायनं बाटलीत उतरू शकतात. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली त्याच जागी उघडून भरायची, तिला फील्ड ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्येही रसायन निघालं तर ते हाताळणीतून आलंय. व्हीओसीच्या छोट्या कुपीत हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. मोटर लावताच पहिलं पाणी घ्यायचं नाही, ते पाइपात साचलेलं असतं. बोअर बराच वेळ चालवून, पाण्याचं तापमान आणि वाहकता स्थिरावल्यावर बाटली भरायची. मग बर्फ, आणि कोणी, कधी, कोणाला दिलं याची सही-शिक्क्याची नोंद.

मातीचं उलट. लोक प्लॉटच्या वीस ठिकाणची माती एकत्र करून एकच नमुना देतात, स्वस्त पडतं म्हणून. एका चकलीत मीठ दुप्पट पडलंय आणि तुम्ही चाळीस चकल्यांचा चुरा करून चव बघताय, तसं ते होतं. जिथे टाकी होती, जिथून गटार जात होतं, जिथे नवा कोबा आहे आणि जिथे ट्रान्सफॉर्मर आहे, तिथली माती वेगवेगळी घ्या. शिवाय प्लॉटच्या वरच्या अंगाचा, कारखान्याशी संबंध नसलेला एक नमुना तुलनेला. आपल्या कातळात काही धातू मुळातच असतात, त्यामुळे या तुलनेशिवाय क्रोमियमचा आकडा काही सांगत नाही.

प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, एवढंच विचारून थांबू नका. मान्यता प्रयोगशाळेला असली तरी ती एकेका तपासणीपुरती असते. ‘तुमच्या स्कोपमध्ये पाण्यातलं पीएफओएस आहे का, कोणत्या पद्धतीने?’ असं लेखी विचारा. उत्तरात ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या ५३३, ५३७.१ किंवा १६३३ पैकी एखादी पद्धत आली तर बोलणं पुढे न्या. पहिल्या दोन पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, १६३३ भूजल, सांडपाणी आणि मातीसाठीही चालते.

आणि रिपोर्टमधल्या ‘बीडीएल’ या तीन अक्षरांपाशी थांबा. मोजता येईल त्याहून कमी, असा त्याचा अर्थ. पण मोजता येतं किती? प्रयोगशाळेची मर्यादाच १०० नॅनोग्रॅम असेल तर पाण्यात ९० असताना बीडीएल येईल आणि घरात पेढे वाटले जातील. मोजण्याची मर्यादा किती, तो आकडा शेजारी छापून मागा.

दख्खनच्या खडकाबद्दल एक गोष्ट बाहेरगावचे सल्लागार विसरतात. वर मुरूम, खाली काळा कातळ, आणि पाणी चालतं ते कातळाच्या भेगांतून. त्यामुळे शेजारच्या बोअरचं पाणी चांगलं आहे याचा तुमच्या बोअरशी फार संबंध नाही. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये घातलेला पाइप, बहुतेक वेळा वरच्या मुरमापुरतंच असतं, खालचं भोक उघडं. प्लॉटवरचं मुरलेलं पाणी तिथूनही आत जातं. मे महिन्यात पाणी खोल गेलेलं असताना एक निकाल येतो आणि पावसाळा संपताना, मुरूम धुऊन पाणी वर आल्यावर दुसरा. म्हणून एकाच तपासणीवर खरेदी करू नका, निदान या दोन वेळांचे आकडे हातात असू द्या. विकणाऱ्याला घाई असेल तर ती त्याची अडचण.

मिस्टरांच्या आरओबद्दल. चांगला आरओ पीएफएएस आणि धातू दोन्ही बरेचसे अडवतो, हे खरं. उकळून मात्र या दोन्हींतलं काहीच जात नाही. पण आरओ फक्त नळाशी काम करतो. फरशीखालच्या वाफेला, मातीच्या धुळीला, मागच्या भिंतीशी पुरलेल्या गाळाला तो काय करणार? त्याचं टाकाऊ पाणी तर आणखी तीव्र होऊन गटारात जातं. शिवाय तुम्ही भाजणीचं धान्य धुणार, भांडी घासणार, ते सगळं पाणी आरओचं असणार का? वसाहतीत एमआयडीसीचा पाणीपुरवठा असेल तर तेच घ्या आणि बोअर उत्पादनासाठी वापरूच नका. सतत उपसा केला की लांबचं दूषित पाणीही आपल्याकडे ओढलं जातं. अन्नसुरक्षा परवान्याच्या नियमांतलं परिशिष्ट ४ अन्नाचा कारखाना प्रदूषणापासून शक्यतो दूर असावा असं सांगतं. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याने जागेचा इतिहास विचारला तर तुमच्याकडे उत्तर असावं.

‘इतकं काही नसतं हो’ असं दीर म्हणतील. त्यांना इटलीतलं त्रिस्सिनो सांगा. व्हिचेन्झा प्रांतातल्या या गावी एक कारखाना दशकानुदशकं पीएफएएस बनवत होता. खालचं भूजल बिघडलं आणि ते तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाण्याचा उगम होतं. नेहमीच्या तपासण्या चालूच होत्या, फक्त त्यांच्या यादीत हे रसायन नव्हतं. २०१३ मध्ये संशोधकांनी मुद्दाम शोधलं तेव्हा कळलं. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून भारतीय कंपनीकडे आली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला पोचली. तेव्हा हा विषय फक्त परदेशातला आहे, असं म्हणण्याचे दिवस गेले.

कायद्याचं थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. संशयित जागांची यादी स्थानिक प्रशासनाने करायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, असा त्याचा गाभा आहे. पण जुना मालक सापडत नाही आणि सातबाऱ्यावर किंवा भाडेपट्ट्यावर नाव तुमचं, अशा वेळी नोटीस पहिल्यांदा कोणाच्या दारात येते हे सांगायला वकील नको. वकील हवा तो करारासाठी. ‘आहे त्या स्थितीत’ हे तीन शब्द मसुद्यात असतील तर काढून टाकायला सांगा. जागेवर काय काम चाललं, काय पुरलं, काय सांडलं याचं विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडा आणि ताब्याआधीचं प्रदूषण पुढे निघालं तर खर्च त्याचा, अशी अट घाला.

माझं मत विचाराल तर, कडक क्रोमचं काम झालंय असं सिद्ध झालं आणि पाण्यात किंवा मातीत काहीही निघालं, तर अन्नाच्या कामासाठी ही जागा घेऊ नका. स्वस्त मिळाली तरी नको. जस्ताचं साधं प्लेटिंग होतं, गाळाचे मॅनिफेस्ट नीट आहेत, दोन्ही ऋतूंतले आकडे स्वच्छ आहेत आणि ट्रान्सफॉर्मर गेला, तर घ्या. मग ते आकडे जपून ठेवा, कारण तुम्ही आलात तेव्हा जागा कशी होती याचा तोच पुरावा. बोअरला कुलूपबंद झाकण लावा आणि वर्षातून दोनदा, त्याच महिन्यांत, त्याच प्रयोगशाळेकडून, त्याच पद्धतीने तपासणी करा. पाण्याची पातळीही दर वेळी लिहा. दर वेळी प्रयोगशाळा बदलली तर आकडा पाण्यामुळे वाढला की यंत्रामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. सलग तीन आकडे चढते आले, तर ते मर्यादेच्या आत असले तरी सल्ला घ्या. वसाहतीत वरच्या अंगाला दुसरा कारखाना असेल तर ते रसायन तुमच्या प्लॉटचं नसेलही.

दिरांशी शंका म्हणून बोलूच नका. ‘बँक कर्जाच्या फाइलला कागद मागतेय’ असं सांगायचा मोह होईल, तोही टाळा, कारण उद्या ते बँकेत फोन करतील. सरळ यादी पाठवा: शेवटची तीन संमतीपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं आणि मॅनिफेस्ट, ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीचा फोटो, आणि नमुने घ्यायला दोन वेळा शेड उघडून देण्याची लेखी तयारी. खाली लिहा, ‘हे आलं की इसाराची तारीख ठरवू.’ मालक यातलं काय द्यायला टाळाटाळ करतात, ते बघा. प्रयोगशाळेसाठी पहिला नमुना त्याच्याशी संबंधित जागेचाच घ्या.